अखंड आणि वारंवार

दिघी,
१२ ऑक्टोबर १९७८

ती. सौ. वहिनींस,
ज्योतीरामचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसलो की हात जड व्हायचा. तुमच्यापासून काय लपवायचं? मला पुन्हा ब्रेक दिला. ब्रेक म्हणजे काय ते आता घरात सगळ्यांना पाठ झालं असेल. आठ महिने भरत आले की टाइम ऑफिसातून बोलावणं येतं, हजेरीचं टोकन काढून घेतात आणि सांगतात की सध्या काम कमी आहे, तीन महिन्यांनी येऊन बघ. काम कसलं कमी? रात्रपाळीला माणसं मिळत नाहीत. पण दिवस सलग भरले की माणसाला परमनंट करावं लागतं, म्हणून भरूच द्यायचे नाहीत. माझी ही तिसरी खेप. आता संतापही येत नाही, नुसती झोप येते.

झोपायला तरी जागा पाहिजे ना. खाट बरकतची आणि माझी मिळून एकच आहे हे तुम्हाला माहीतच आहे. तो रात्रपाळीहून येतो तेव्हा मी उठायचो. आता मी दिवसाही घरीच, त्यामुळे तो येतो आणि मी बाहेर ओट्यावर जाऊन बसतो. बिचारा म्हणतो की झोप तू, मी खाली पडतो. लातूरकडचा माणूस, जीव लावणारा आहे, पण त्याच्या दयेवर किती दिवस पडून राहायचं?

आता मुद्द्याचं. आमच्या खात्याचे मुकादम मारुतराव परवा चहाच्या टपरीवर भेटले. त्यांनी सांगितलं की त्याच माणसाला लगेच परत घेता येत नाही, पण दुसऱ्या माणसाला घेता येतं, तेव्हा तू दुसरा माणूस होऊन ये. म्हणजे दुसऱ्याचं नाव आणि दुसऱ्याचा शाळा सोडल्याचा दाखला. खात्यातले निम्मे लोक असेच आहेत. आमच्यातला एक भिमाजी तर इतक्या नावांनी लागला आहे की पगाराच्या रांगेत कुठल्या हाकेला पुढं व्हायचं ते शेजाऱ्याला विचारतो. कुणी चोरी करत नाही वहिनी, घाम आपलाच असतो. मी दादांचा दाखला मागतो आहे. त्यांना विचारा. ते नाही म्हणाले तर विषय संपला.

दाखला पाठवलात तर तो आणि पुढची पत्रं कंपनीच्या गेटवरच पाठवा. इथं आमच्या चाळीला नंबर नाही, पोस्टमन मिलिटरीच्या हद्दीपर्यंत येतो आणि मागं फिरतो. नाव मात्र दादांचं घालावं लागेल, मारुतराव गेटवर सांगून ठेवणार आहेत.

सोजराला काय सांगू? लग्न झाल्यापासून म्हणतो आहे की परमनंट झालो की नेतो. तुम्ही तिच्या वतीनं लिहिता त्यात पूर्वी चार ओळी असायच्या, आता नुसतं बाकी ठीक असं असतं. ते वाचवत नाही.

तुमच्या अभ्यासाचं म्हणाल तर मागच्या खेपेची जोडी मला जमली होती. पर्सनल म्हणजे आपलं खासगी, आणि पर्सोनेल म्हणजे जिथं आपलं खासगी काही उरत नाही ते ऑफिस. पण ही नवी जोडी, कंटिन्युअल आणि कंटिन्युअस, माझ्या आवाक्याबाहेरची आहे. एका आईची जुळी दिसतात. बरकतला विचारून कळवतो.

दादांना साष्टांग. लोभ असावा, निदान त्याला तरी ब्रेक नसावा.

आपला,
ज्योतीराम


आळे,
२३ ऑक्टोबर १९७८

चि. ज्योतीराम भावजींस,
मंजुळेचे अ. उ. आ. वि. वि.

दाखला सोबत आहे. पेटीच्या तळाशी होता, कसर लागली आहे, पण नाव शाबूत आहे. तुमचे दादा वांग्यांना पाणी देत होते, तिथं जाऊन विचारलं. त्यांनी फावडंसुद्धा खाली ठेवलं नाही. म्हणाले की नाव काय औताला जुंपायचं आहे, इथं पडून राहिलंय, त्याच्या कामी येत असेल तर जाऊ दे. एवढं बोलून पुढच्या सरीला लागले. तुम्हा भावांचं बोलणं म्हणजे कंजुषाचं वाढणं.

पण भावजी, मला तुम्ही चांगलंच पेचात टाकलंत. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं, त्यानंतर आजवर ह्यांचं नाव माझ्या तोंडून गेलं नाही. बालवाडीत ह्यांच्याच नावाचा एक पोरगा आला तर त्याला मी बाळासाहेब म्हणते. आणि तुम्ही खुशाल सांगता की पाकिटावर दादांचं नाव घाला! शाई वाळली पण हात चालेना. शेवटी पाकीट ह्यांच्यापुढं धरलं आणि म्हटलं की तुमचं नाव तुम्हीच लिहा. त्यांनी सावकाश लिहिलं, अक्षराकडे बघत बसले, आणि म्हणाले की जन्मात पहिल्यांदा मी मलाच पत्र पाठवतोय. आम्ही दोघं हसलो. सोजरा मात्र हसली नाही.

तिचं खरं सांगायचं तर ती थकली आहे. काम करून नव्हे, वाट बघून. गावातल्या बायका विचारतात की नवरा न्यायला कधी येणार, तेव्हा ती पाणी आणायला निघून जाते. दिवाळीला आलात की तिच्याशी धड बोला. आल्या आल्या झोपू नका, मागच्या वेळी तेच केलंत.

माझा सतरा नंबरचा फॉर्म भरून झाला. बाहेरून दहावीला बसणारी ह्या वयाची मीच एकटी. दहावी झाले तर बालवाडीच्या बाईची शाळेतली बाई होईन, एवढीच हाव आहे. गाईडमध्ये तुमच्या त्या जुळ्यांचा अर्थ दोन्हीकडे सतत असाच दिला आहे. मग वेगळे शब्द केले कशाला, इंग्रजांना काय कामधंदा नव्हता?

आमचा लोभ पेटीतल्या दाखल्यासारखा समजा, कसर लागली तरी शाबूत.

तुमची,
मंजुळा वहिनी


दिघी,
१८ जानेवारी १९७९

ती. सौ. वहिनींस,
कंपनीतला मालोजी आणि घरचा ज्योतीराम, दोघांचा शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ मिळाला. निम्मा बरकतनं खाल्ला आणि वर म्हणाला की तुझी भाभी हलव्यात कंजुषी करत नाही.

दादा होऊन मी कामावर लागलो आहे. पण दादा होणं सोपं नाही. पहिल्या आठवड्यात सुपरवायझर मागून मालोजी, मालोजी अशा हाका मारायचा आणि मी आपला खाली मान घालून काम करायचो. मला वाटायचं, असेल कुणी. शेवटी त्यानं खांद्याला धरून फिरवलं आणि विचारलं की कान फुटलेत का. तेव्हापासून खात्यात माझं नाव बहिरा मालोजी पडलं. दादांना सांगा, त्यांचं नाव मी आणखी मोठं केलं.

तुमच्या शब्दांचं कोडं बरकतनं सोडवलं, निदान तो तसं म्हणतो. आमच्या चाळीतला नळ गळतो ना, टप, मग थोडं थांबून टप, ते कंटिन्युअल. थांबत थांबत, पण चुकत नाही. आणि खात्यात हवेचा कंप्रेसर चालतो, पाळी बदलते, माणसं बदलतात, तो चालूच, ते कंटिन्युअस. मधे फट नाही. मला ते लगेच पटलं. त्या कंप्रेसरचा आवाज आम्हाला ऐकूच येत नाही. तो बंद पडला तरच सगळे माना वर करतात.

मग रात्री पडल्या पडल्या वाटलं की ह्यात मला विचारायचं काय होतं, मीच उदाहरण आहे. मी कामाला लागतो, काढतात, परत लागतो. परमनंट माणूस कंप्रेसर आणि टेम्पररी माणूस चाळीतला नळ. परीक्षेत मात्र असं लिहू नका, मार्क कापतील.

मारुतराव म्हणतात की मोठी ऑर्डर येते आहे, ह्या वेळी काही नावं वर पाठवणार, त्यात मालोजीचं नाव घालतो. तोंडात साखर पडो त्यांच्या. सोजराला इतक्यात सांगू नका. खोटी आशा दाखवायची माझी आता ताकद राहिली नाही.

कळावे. लोभ कंटिन्युअस असावा.

आपला,
ज्योतीराम


आळे,
१० मार्च १९७९

चि. ज्योतीराम भावजींस,
मंजुळेचे अ. उ. आ. वि. वि.

परीक्षा तोंडावर आली आहे आणि वाचलेलं सगळं एका कानातून आत, दुसऱ्यातून बाहेर. सकाळी चूल, मग बालवाडी, दुपारी खुरपणी. रात्री पुस्तक उघडलं की मीच मिटते. पण तुमचा नळ आणि कंप्रेसर डोक्यात पक्के बसले. बरकतभाईंना माझा नमस्कार सांगा, पुढच्या खेपेला हलवा जास्त पाठवते.

मी त्याला आपले शब्द शोधले. कंटिन्युअल म्हणजे वारंवार. आणि कंटिन्युअस म्हणजे अखंड. शोधायला लांब जावं लागलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या छबूबाई आल्या होत्या, त्या प्रत्येकीला अखंड सौभाग्यवती, पुत्रवती भव असा आशीर्वाद देतात. माझ्यापुढं आल्या की पहिल्या अर्ध्यावरच थांबतात. मनानं वाईट नाहीत हो, मला लागू नये म्हणूनच थांबतात, पण ते थांबणंच लागतं. तुम्हाला हे लिहायला नको होतं. पण दुसऱ्या कुणाला लिहू? ह्यांना सांगितलं तर ते उठून गोठ्यात जातात. आईंनी दुसरं लग्न कर म्हणून किती पिच्छा पुरवला होता, हे बधले नाहीत. त्या बाबतीत तुमचे दादा खरेच अखंड.

एक गंमत. सोजरा बालवाडीत येऊन बसते. मुलांचं पाणी भरायला म्हणून आली आणि मागच्या बस्करावर बसून पाटीवर गिरवायला लागली. मी बघितलं की पाटी पालथी घालते. मी बघत नाही असं तिला वाटतं.

गावच्या यात्रेला या. रजा नसेल तर बहिऱ्या मालोजीला ऐकू आलं नाही म्हणून सांगा आणि या.

लोभ वारंवार कळवत जावा, अखंड आहे हे आम्ही धरून चालतो.

तुमची,
मंजुळा वहिनी


दिघी,
९ सप्टेंबर १९७९

ती. सौ. वहिनींस,
ज्योतीरामचा शि. सा. न. वि. वि.

तुमचा निकाल कळला तेव्हा पत्र लिहिलं नाही, कारण काय लिहावं सुचलं नाही. इंग्रजी आणि गणित, दोनच राहिले ना? बाकीचे सुटले ते काय थोडं झालं? ऑक्टोबरला परत बसा. परत बसायची सवय आपल्या घराला आहे.

आता बातमी. वहिनी, मी परमनंट झालो! खात्यातल्या मोजक्याच लोकांची नावं लागली, त्यात मालोजी गुंजाळ. मारुतरावांनी पाठीवर थाप मारली. बरकतनं अख्ख्या चाळीला भजी खाऊ घातली. मीही हसत होतो, खात होतो, आणि खाटेवर पडलो तेव्हा एकदम ध्यानात आलं की बोर्डावर माझं नाव कुठंच नाही. दादा परमनंट झाले, मी नाही. आता रिटायर होईपर्यंत मी मालोजी.

ते सोसलं असतं. पण ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड काढायचं आहे, कुटुंबाचा फोटो द्यायचा आहे. बाळंतपण, औषधं सगळं त्याच्यावर होतं. सोजराला दिवस गेलेत, तिला माहेर उरलं नाही, इथं आणली तर चांगल्या डॉक्टरांच्या हाताखाली होईल. मारुतराव म्हणाले की बायकोचं नाव सोजरा आणि नवऱ्याचं नाव मालोजी असं लिहून टाक, विचारतंय कोण. म्हणजे मूल झालं तर तेही दादांच्याच नावावर लागणार. एकदा लागलं की शाळेतही तेच. पुढं बदलायला गेलो तर सगळंच उघडं पडेल.

मी किती तरी वेळा लिहिलं आणि फाडलं. दादांना कसं विचारायचं? दाखला मागितला तेव्हा वाटलं होतं, नाव म्हणजे कागद. तुम्ही विचारा. सोजरालाही विचारा. ती हो म्हणाली तर दिवाळीला न्यायला येतो. पुढच्या महिन्यात कार्ड भरायचं आहे, तोवर कळवा. मी फार दमलो आहे वहिनी. हे एकदा मिळालं की वीस वर्षं झोपेन असं वाटतं.

लोभ असू द्यावा, कुठल्याही नावावर.

आपला,
ज्योतीराम


आळे,
२० सप्टेंबर १९७९

चि. ज्योतीराम भावजींस,
मंजुळेचे अ. उ. आ. वि. वि.

तुमचं पत्र मी आधी एकटीनं वाचलं आणि तुमचा राग आला. नोकरीचा नव्हे, तुम्ही मला विचारायला लावलंत त्याचा. पण कुणीतरी विचारायलाच हवं होतं, म्हणून दोघांनाही विचारलं. आता ऐका, आणि मी लिहीन तसंच ऐका, गोड करून नाही.

तुमचे दादा जेवत होते. परमनंट म्हटल्यावर त्यांचा चेहरा फुलला. मग मी मुलाचं सांगितलं. हात ताटात तसाच राहिला. थोड्या वेळानं विचारलं की म्हणजे माझं नाव बापाच्या जागी लागेल का. मी हो म्हटलं. त्यांनी परत तेच विचारलं. मग म्हणाले की कळव त्याला, माझी काही हरकत न्हाई. आणि हात धुऊन बाहेर गेले. भावजी, तुमच्यावर उपकार करायला ते हो म्हणाले नाहीत. त्यांना ते हवं आहे. कुठल्या तरी कागदावर का होईना. इतक्या वर्षांत मूल हा शब्द त्यांनी माझ्यापुढं काढला नव्हता, आणि मला वाटत होतं की त्यांना त्याचं काही नाही. मी किती मूर्ख.

माझंही सांगते. क्षणभर मलाही बरं वाटलं. कागदावर बाप हे असतील तर मीही कुणीतरी असेन असा हिशोब मनानं करून टाकला. आणि मग ध्यानात आलं की त्या कागदावर आईच्या जागी सोजरा आहे आणि बायकोच्या जागीही सोजरा आहे. तिथं मी कुठंच नाही. त्या रात्री मला रडू आलं. आता नाही येत.

आणि सोजरा. ह्यांची चाहूल लागली तरी डोक्यावरचा पदर पुढं ओढणारी ती पोर. तिला सांगितल्यावर ती पांढरी पडली. म्हणाली की दवाखान्यात नवऱ्याचं नाव विचारतील तेव्हा मी थोरल्यांचं नाव सांगायचं? त्यापेक्षा गोठ्यात बाळंत होईन. मग दोन दिवस पाटी घेऊन बसून राहिली. आज तिनं एक चिठ्ठी लिहून आणून दिली. स्वतः लिहिली आहे, मी हात लावलेला नाही. सोबत पाठवते.

काय करायचं ते मी सांगणार नाही. नोकरी गेली तर काय हाल होतात ते तुम्ही भोगलंय, मी नाही. एवढंच कळतं की दाखला तुम्ही परत देऊ शकता, लेकरू परत घेता येत नाही.

रागावले आहे, पण लोभ त्याच्याखाली आहेच.

तुमची,
मंजुळा वहिनी


(सोबतची चिठ्ठी)

यांस सोजराचा नमस्कार.

मी लिव्हायला शिकले. जाऊबाईंनी शिकवलं न्हाई, मी बघून शिकले.

मला तुमी नेलं न्हाई तरी मी काय बोलले न्हाई. अजून वाट बघीन. खोली नसली तरी चालंल. पन थोरल्या दादांची बायकू म्हनून मी येनार न्हाई. जाऊबाईंच्या तोंडाकडं मग कसं बघू.

तुमचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं, लिव्हायला चालतं का म्हाईत न्हाई. मी लिव्हलं. पाटी भरून लिव्हलं. ज्योतीराम.

लेकराला हेच नाव लागूद्या.

सोजरा


कुरुळी,
४ नोव्हेंबर १९७९

ती. सौ. वहिनींस,
ज्योतीरामचा शि. सा. न. वि. वि.

वरचं गाव बघून दचकला असाल. दिवाळीला आलो नाही, कळवलंही नाही. हातात काही नसताना तोंड घेऊन यायची लाज वाटली. आता सगळं सांगतो.

सोजराची चिठ्ठी मी खाटेवर बसून वाचली. बरकत उठला आणि त्यानं विचारलं की कोण वारलं. मी म्हटलं कुणी नाही. मला इतकं रडताना त्यानं पाहिलं नव्हतं. माझं नाव मी तीन वर्षांत कुणाच्या हातचं लिहिलेलं पाहिलं नव्हतं वहिनी, तुमच्याशिवाय, आणि पाकिटावरचं तर गेल्या साली मीच बंद पाडलं होतं.

कार्ड भरायच्या दिवशी मी पर्सोनेलमध्ये गेलो आणि साहेबांना सांगितलं की मी मालोजी नाही, मालोजी माझे भाऊ आहेत. साहेब वाईट माणूस नव्हता. दार लावून घेतलं, बसायला सांगितलं आणि म्हणाला की मी काही ऐकलं नाही, तू कामावर जा. मी उठलोसुद्धा होतो. खरं सांगतो, दारापर्यंत गेलो होतो. मग परत फिरलो आणि म्हटलं की साहेब, मूल व्हायचं आहे. त्यानं पेनचं टोपण लावलं आणि टोकन मागितलं. दुसरी कुणाची नावं मी सांगितली नाहीत, त्यानं विचारलीही नाहीत. तरी मारुतराव माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं बरोबर आहे, त्यांची झोप उडवली मी. त्यांनी माझं भलंच करायचं पाहिलं होतं.

टोकन दिलं आणि गेटबाहेर आलो तेव्हा मोकळं वगैरे काही वाटलं नाही, उगाच थाप मारत नाही. बरकत तेवढा पाठीशी उभा राहिला. त्याचे मामा हनीफभाई कुरुळीला नाशिक रस्त्यावर गॅरेज चालवतात, तिथं घेऊन आला. ट्रकचं काम असतं. गाडी आली तर काम, नाही आली तर रस्त्याकडे बघत बसायचं. परमनंट नाही, पण ब्रेक द्यायला टाइम ऑफिसही नाही. तुमच्या भाषेत, वारंवार.

पण गॅरेजच्या मागं एक खोली आहे. पत्र्याची आहे, उन्हाळ्यात तापेल. हनीफभाईंच्या घरातल्या रोशनबी म्हणाल्या की बाळंतपण गावाकडंच होऊ दे, मग लेकरू घेऊन आण, इथं चार बाया आहेत बघायला. कंपनीनं तीन वर्षांत जी खोली दिली नाही ती ह्यांनी चहा पिता पिता दिली. सोजराला सांगा की खाट एकच आहे, पण ती माझी आहे.

दादांचा दाखला परत पाठवतो. त्यांना काय वाटेल ह्याची धास्ती वाटते. त्यांचं नाव मी परमनंट केलं आणि मीच घालवलं. त्यांच्यापुढं उभं राहायचं धाडस होईपर्यंत तुम्हीच सांभाळून घ्या.

लोभाची नोकरी तेवढी राहिली आहे, ती असू द्यावी.

आपला,
ज्योतीराम


आळे,
२७ जानेवारी १९८०

चि. ज्योतीराम भावजींस,
मंजुळेचे अ. उ. आ. वि. वि.

मुलगी झाली. तार केलीच होती, पण तारेत काही मावत नाही. सोजरा सुखरूप आहे. पोर सावळी, नाक तुमचं, आणि ओरडणं कुणाचं ते माहीत नाही, आमच्या घरात एवढ्यांदा कुणी बोलत नाही. गोठ्यात नव्हे, माझ्याच खोलीत झाली. सुईण म्हणाली की बाई, तुम्ही बाजूला व्हा, तुमचेच हात जास्त कापताहेत. मी दमून गेले आहे भावजी, हाडं दुखताहेत, पण असं दमायला माझी हरकत नाही.

तुम्हाला दादांची धास्ती होती म्हणून त्यांचं सांगते. तुमचं पत्र आलं तेव्हा त्यांनी दाखला घेतला, पेटीत ठेवला, आणि म्हणाले की बरं केलं. पण त्यानंतर कित्येक दिवस ते एक भाकरी कमी खायचे. मी काही विचारलं नाही. काय विचारायचं ते मला माहीत होतं, आणि काय सांगतील तेही.

पोर झाल्यावर ग्रामपंचायतीत नोंद करायची होती. मी म्हटलं की कुणाला तरी पाठवू. ते म्हणाले की मी जातो. धुतलेला सदरा घातला, टोपी झटकली, लग्नाला निघाल्यासारखे निघाले. दुपार टळली तरी पत्ता नाही. मला भलतीच भीती वाटली. वाटलं, तिथं गेल्यावर ह्यांचं मन फिरलं तर? माणूस आहे, इतक्या वर्षांची भूक आहे. बापाचं नाव काय असं विचारल्यावर तोंडातून काय निघेल कुणी सांगावं? दारात बसून राहिले. सोजराला कळू दिलं नाही, पण ती पण जागीच होती.

आले. पाणी प्याले. म्हणाले की नोंद झाली, बापाचं नाव ज्योतीराम. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि थांबून थांबून सांगितलं की ग्रामसेवकांनी शेवटी विचारलं, खबर कोण देतंय त्याचं नाव सांगा. म्हणून तिथं ह्यांचं नाव लिहून घेतलं. खबर देणार मालोजी. जन्म झाला हे सरकारला ह्यांनीच कळवलं म्हणे, त्याशिवाय झालं असं धरत नाहीत. हे सांगताना त्यांना इतकं हसू येत होतं की मला बघवेना. मी उठून चुलीकडे गेले. मागून विचारलं की पोरीला जरा बाहेर आणतेस का. सोजरानं स्वतः आणली, पदर पुढं ओढून, आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

माझा निकाल लागला. इंग्रजी सुटलं! तुमच्या जुळ्यांचा प्रश्न आलाच नाही, पण सुटलं. गणितात परत अडकले, मार्चला पुन्हा बसते. बरकतभाईंना विचारून ठेवा, व्याजाची गणितं येतात का.

छबूबाई काल पोरीला बघायला आल्या. सोजराला पुरा आशीर्वाद दिला, माझ्यापाशी आल्या आणि नेहमीप्रमाणे अर्ध्यावर थांबल्या. ह्या वेळी मीच म्हटलं की मावशी, थांबलात ते बरं केलंत, सौभाग्य तेवढं अखंड असू द्या, लेकराचं मला अधूनमधून पुरे. त्यांना काही कळलं नाही. तुम्हाला कळेल.

सोजराला न्यायला उन्हं तापायच्या आत या. पोरीला तिकडं नेलंत तरी यात्रेला, दिवाळीला, संक्रांतीला आणत राहा. कंटिन्युअल चालेल.

लोभाचं वेगळं काय लिहायचं. पाकिटावर तुमचं नाव घातलं आहे, माझ्या हातानं, सरळ. ह्यांचं नाव आता घरीच राहू दे.

तुमची,
मंजुळा वहिनी